आज नऊ दरवाजे उघडले

गोसीखुर्दच्या धरणाला 33 दरवाजे. पावसाळ्यात त्यांतले किती उघडले, ही बातमी पार गडचिरोलीपर्यंत लोक कान देऊन ऐकतात. इथल्या अंगणवाडीच्या मदतनीसबाईंनी ती भाषाच उचलली आहे. जूनअखेर नवी पोरं आली की त्या दारातूनच सेविकाताईंना वर्दी देतात, "मॅडम, आज नऊ दरवाजे उघडले. सात अर्ध्या मीटरनं, दोन पुरे!"

पदर खोचलेला, एक पोरगं कडेवर, दुसरं पायाला लोंबकळलेलं, आणि नजर चुलीवरच्या खिचडीकडे. रडण्याची त्यांच्याइतकी पारख कुणाला नाही. "डोये मिटून रडते ते खरं. बोटाच्या फटीतून पाहून रडते ते मायसाठी."

1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी काढली. पोर शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं, ही तिथली शिकवण. बाईंनी त्यावरचं एकही पुस्तक उघडलेलं नाही. पण रोज सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करतात त्या याच.

बाईंचा खरा राग मोठ्यांवर. "धरन पाहाले जाऊ" म्हणून बापानं पोराला गाडीवर बसवायचं आणि अंगणवाडीत उतरवून पळ काढायचा, ही इथली जुनी रीत. बाई त्याला फाटकातच अडवतात. "पोराले लबाडी सांगू नका. खिचडी खाऊन झाली का येतो म्हना, अन् तवाच या." पोराला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. खिडकीला चिकटलेल्या आयांच्या हाती त्या तांदळाचं सूप देतात, "उभ्याच हाव त निवडा." दुसऱ्या दिवशी खिडकी मोकळी. सर्वांत मोठ्यानं रडणाऱ्याला त्या इतर रडक्यांना पाणी देण्याच्या कामाला लावतात. दुसऱ्याचे डोळे पुसता पुसता त्याला स्वतः रडायला सवड उरत नाही.

यंदा बाईंचा स्वतःचा नातू दाखल व्हायचा होता. त्यानं घरातच खांबाला मिठी मारली. शेजारीपाजारी जमले. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "चाल बाबू, धरन पाहाले जाऊ."

नातवानं रडणं थांबवलं. "आजी, लबाडी नोको सांगू. खिचडी खाल्ली का घरी येऊ, असं म्हन!"