मागच्या सीटची बाजू

"कळलं का, मास्तरांच्या धाकट्यानं गाडी घेतली."

काकूंनी कपडे वाळत घालता घालता बातमी भिंतीपलीकडून टाकली. सांगलीतल्या आमच्या गल्लीत वर्तमानपत्र सकाळी येतं, पण खऱ्या बातम्या दहाच्या सुमारास या कमरेएवढ्या भिंतीवर येतात.

"बघितली की. काळी आहे. आवाज केवढा करते!"

"आवाजाचं सोड गं. मागची सीट बघितलीस? पुढच्यापेक्षा वीतभर उंच आणि बसायला जागा पाटाच्या निम्मी. लग्न होऊन वर्ष नाही झालं. काल सून नटूनथटून बाहेर आली, एका बाजूनं चढून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, शेवटी रिक्षानं गेली."

"आणि तो?"

"तो गाडीवरून, रिक्षाच्या मागं मागं!"

आम्ही दोघी हसलो. मग काकूंनी चिमट्यांची टोपली भिंतीवर ठेवली. टोपली खाली आली की विषय लांबणार हे मला ठाऊक आहे.

"गाड्यांतलं तुम्हाला बरंच कळतं काकू."

"कळणारच. गाडी ह्यांनी चालवली, पण सोसली मी. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची राजदूत होती. मूळची पोलंडची म्हणे, फरीदाबादला बनायची. निम्म्या जिल्ह्यातलं दूध त्या गाड्यांवरून डेअरीत जायचं. सकाळी दोन्ही बाजूंना कॅन अडकवून मामंजी डेअरीला, आणि संध्याकाळी त्याच गाडीवरून आम्ही नरसोबाच्या वाडीला. सीट लांबरुंद होती, बसायला खोट काढायला जागा नव्हती. पण टू-स्ट्रोक ना ती! पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं. मागं निळा धूर. देवळात पोचेपर्यंत नव्या साडीला गॅरेजचा वास. आणि जोतिबाचा डोंगर आला की चढावर तिचा दम संपायचा. उतरायचं कुणी? मागच्यानं."

"मग येझदी कधी आली?"

"ह्यांना नोकरी लागली आणि लगेच. म्हैसूरला बनायची ती. आधी तिचं नाव जावा होतं, 1973 पासून येझदी. ह्यांचं पहिलं प्रेम, मी दुसरं. किक आणि गिअर एकाच दांडीत, बाहेरचा माणूस चालवायला बसला की गोंधळायचा, आणि ह्यांना त्याचं भारी कौतुक. पण तिला सायलेन्सर दोन! एक उजवीकडं, एक डावीकडं. आपण साडी नेसून डावीकडं पाय सोडून बसणार, आणि बरोबर पायाखाली तापलेला सायलेन्सर. पोटरीवर अजून डाग आहे बघ. बाकी गाड्यांना बहुतेक सायलेन्सर उजवीकडं एकच असतो, तेवढं तरी सुख."

"आणि ते रिझर्व्हचं?"

"काही विचारू नकोस! काट्याची भानगडच नव्हती. रस्त्यात गाडीनं आचके दिले की समजायचं पेट्रोल संपत आलं. हे चालत्या गाडीवर खाली वाकून कॉक चाचपणार, समोरून उसाचा ट्रॅक्टर येणार, आणि मी मागं रामरक्षा म्हणणार."

त्या काळात दुचाकी मिळणंच मुश्कील होतं, हे माझ्या वडिलांकडून मीही ऐकलं होतं. बजाजच्या चेतकला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. काकूंच्या नणंदेनं लेकीच्या बारशाच्या वेळी नंबर लावला होता, आणि स्कूटर दारात आली तेव्हा लेक शाळेत जात होती. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे सोन्याच्या जोडीनं स्कूटरही मागायचे.

"ते चित्र पालटलं ते जपानी शंभर सीसी आल्यावर," काकू म्हणाल्या. "1985 च्या आसपास. माझ्या धाकट्या दिरानं यामाहाची आरएक्स घेतली आणि ह्यांनी हिरो होंडा. दिराची गाडी काय पळायची! गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की सासूबाई ताट वाढायला घ्यायच्या. मी एकदाच तिच्यावर बसले. पिकअप असा की त्यानं क्लच सोडला आणि मी पुढं जायच्या ऐवजी मागं निघाले."

"आणि हिरो होंडा?"

"ती मात्र बाईमाणसाच्या बाजूची. फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घालायला नको, धूर नाही, आवाज बारीक. पेट्रोलचा हिशेब माझ्याकडं असायचा ना, म्हणून सांगते. तेवढ्याच पेट्रोलमध्ये राजदूतच्या जवळजवळ दुप्पट पळायची. दिरानं तिला शिवणयंत्र म्हणून चिडवलं, पण महिनाअखेरीला उसने पैसे मागायला तोच यायचा."

तेवढ्यात काका दारात आले. "येझदीबद्दल चाललंय वाटतं? विकायला नको होती. आज काय किंमत आली असती!"

"आली असती. आणि पार्ट कुठून आणला असता? 1996 ला कंपनीच बंद पडली. फिटर दर वेळी म्हणायचा, साहेब, कोल्हापूरला मिळतो का बघा."

"आता परत निघाल्यात की. जावा 2018 ला आली, येझदी 2022 ला," काका मला म्हणाले. "नव्या कंपनीनं काढल्यात. कार्बोरेटर नाही, इंजेक्शन. चोक नाही, कॉक नाही."

"आणि मागं बसणारीला काय आहे?" काकूंनी विचारलं. काका चहा बघायला आत गेले.

काकूंनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? माझं गाडीचं सुख सुरू झालं ते लुनापासून. आपल्या नगरची लुना. इंजिन रुसलं तर सायकलसारखी पॅडल मारायची. मी शाळेच्या मैदानावर शिकले. सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. महिन्याभरात त्यांनाच दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा कुणाची वाट बघावी लागली नाही. पुढं बिनगिअरच्या स्कूटर आल्या आणि बायकांना मागची सीट सोडता आली. आता आपल्याच गल्लीत मोज, निम्म्या गाड्या बायकांच्या."

"पण काकू, मोटारसायकलवर मागं बसणं काही सुटलेलं नाही."

"नाहीच ना. म्हणून तर त्या पोराचा राग येतो. नवी गाडी आणली आणि पहिल्यांदा काय केलं? साडीगार्ड काढून टाकला. म्हणे लुक जातो! अगं, मागच्या चाकाला निम्मं झाकणारी ती जाळी, मागच्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला फुटरेस्ट, हे सगळं 1989 च्या मोटार वाहन नियमात लिहिलंय. सरकारला सुद्धा पदर दिसला, पण नवऱ्याला दिसत नाही. माझ्या मैत्रिणीची ओढणी चाकात गेली होती. गळ्याभोवती गुंडाळलेली नव्हती म्हणून वाचली."

"आणि हेल्मेट?"

"त्याचं हेल्मेट भारीतलं, काचेवर चित्र आहे. तिच्या डोक्यावर गजरा! कायदा दोघांनाही लागू आहे, चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही. पण आपल्याकडं दुसरं हेल्मेट हँडलला लटकत असतं, पोलिस दिसला की डोक्यावर."

मी विचारलं, एवढ्या गाड्यांत सगळ्यांत टिकाऊ कुठली. काकूंनी ऑगस्ट 2019 च्या महापुराचा दाखला दिला. गावभागातल्या त्यांच्या जावेच्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा दारातल्या गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या फिटरनं पहिलं काम केलं ते ओरडण्याचं, की कुणी किक मारू नका, स्टार्टर दाबू नका. इंजिनात पाणी असताना पिस्टन हलवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानं प्लग काढले, ऑइल सोडलं, टाकी आणि कार्बोरेटर धुतले, नवं ऑइल घातलं. जावेची जुनी हिरो होंडा त्या फिटरच्या हातूनच सुरू झाली. पुतण्याच्या नव्या गाडीला मात्र वर्कशॉपची वाट बघावी लागली, कारण तिच्या वायरिंगचं त्याच्या पान्याला काही उमगेना.

"म्हणजे जुनं ते सोनं?" मी म्हटलं.

"छे! जुन्या गाडीचे ब्रेक आठव. पाय दाबून दाबून पोटऱ्या दुखायच्या आणि गाडी थांबायची पुढच्या घरासमोर. आता पुढं डिस्क असते, मोठ्या गाड्यांना एबीएस असतं, पावसात चाक घसरत नाही. कोल्हापूरला माझ्या भावाची बुलेट होती, तिचा गिअर उजवीकडं आणि ब्रेक डावीकडं. दुसऱ्याच्या गाडीवर बसला की ब्रेकच्या जागी गिअर दाबायचा. किक मारायची तर आधी अँपिअरचा काटा बघायचा, डीकॉम्प्रेशनची खिट्टी दाबायची, मग किक. चुकली तर उलटी बसायची. आता बटण दाबलं की सुरू. गाड्या सुधारल्यात, त्यात वाद नाही. फक्त सुधारणा सगळ्या पुढच्या सीटवर झाल्या. राजदूतला दोघं आणि मधे एक पोर मावायचं. आताच्या त्या पोरांच्या गाड्यांवर मागं बसायचं म्हणजे चालवणाऱ्याच्या पाठीवर बसायचं."

"पण दुकानात तसल्याच गाड्या पुढं मांडलेल्या असतात."

"मांडू देत. सपाट सीटच्या, मूठ असलेल्या साध्या गाड्याही त्याच दुकानात असतात, कोपऱ्यात. विचारायला लागतं. आणि विचारणार कोण? जो घ्यायला जातो तो एकटा जातो, नाहीतर मित्राला नेतो. घरी आणल्यावर बायकोला म्हणतो, बस."

काकूंनी टोपली उचलली आणि निकाल दिला, तो मी त्यांच्याच शब्दांत देते. "गाडी घ्यायला जाल तेव्हा जी मागं बसणार आहे तिला बरोबर न्या. टेस्ट राइड दोघांनी घ्या, दोनदा. एकदा तिला मागं बसवून आणि एकदा स्वतः मागं बसून, खड्ड्याच्या रस्त्यानं. साडीगार्ड काढू नका, हेल्मेट दोन घ्या, आणि तिला दोन्हीकडं पाय टाकून बसू द्या. एवढं करून जी गाडी आवडेल ती घरची. बाकीच्या नुसत्या फोटोपुरत्या."