फसलेल्या बियरच्या बंदोबस्ताविषयी अनावृत पत्र

मुक्काम न्यू जर्सी

राजमान्य राजश्री बियरकर्ते रावसाहेब यांस,
सप्रेम नमस्कार विनंति विशेष.

आपल्या तळघरात गेल्या हिवाळ्यापासून जो उद्योग आरंभिला गेला आहे, त्याची कीर्ती आता गल्लीची हद्द ओलांडून महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत पोहोचली आहे, आणि त्या कीर्तीचा भार वाहण्याचे काम आजवर आम्हां शेजाऱ्यांच्या जिव्हेकडेच आलेले आहे. सबब हे पत्र पाकिटात न घालता चारचौघांत वाचले जावे अशा बेताने लिहिण्याचे योजिले आहे. मजकूर एवढाच की, या खेपेस उतरलेली आणि आपल्याच नाजूक शब्दांत ‘जरा वेगळी लागणारी’ जी पाच गॅलन बियर सुमारे पन्नास बाटल्यांत बंद होऊन आपल्या जिन्याखाली तळ देऊन बसली आहे, तिच्यासंबंधी आपण जी तजवीज मांडली आहे, तिच्यावर आमची हरकत नोंदवून घ्यावी.

आपल्या अधिकाराविषयी आमची मुळीच तक्रार नाही. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली, त्यान्वये एकच प्रौढ माणूस असलेल्या घराला वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बियर कर न भरता घरी करण्याची मोकळीक मिळाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने जेथे परवान्यावाचून पेला हाती धरणे हाही गुन्हा ठरवला, तेथे लहानाचे मोठे झालेल्या आपणांस ही मोकळीक केवढी अपूर्व वाटली असेल, हे आम्ही जाणतो. परंतु अमेरिकन कायदेमंडळाच्या दूरदृष्टीलाही मर्यादा होत्या. त्याने बियर किती करावी हे ठरवले, कशी करावी हे ठरवले नाही. ती विकण्यास मनाई केली, पण आग्रहाने पाजण्यास केली नाही. आणि आपल्या आतिथ्याचा सारा प्रपंच नेमका याच फटीतून चालू आहे.

आता पंचनामा. गेल्या शनिवारी आपण पेला पुढे केला तेव्हा रंग तांबूस व नितळ होता, फेस दोन बोटे जाड होता आणि तो काठाला धरून बसला होता. येथवर कोणाही परीक्षकाने मान डोलवावी. मग पेला नाकाशी नेला, आणि जखमा बांधण्याच्या खोलीत पाऊल टाकावे तसा, जखमेवर लावण्याच्या चिकटपट्टीची नवी डबी नुकतीच फोडलेली असावी तसा वास आला; घोट घशाखाली उतरला तरी तो वास टाळूवरून हलेना. त्या क्षणी आपण आमच्या चेहऱ्याकडे इतक्या वत्सल उत्कंठेने पाहत होता की ‘छान आहे, वेगळी आहे’ यापलीकडे काही बोलण्याचे धैर्य पंचांपैकी एकालाही झाले नाही. सदर जबानी दडपणाखाली दिलेली असल्याने ती पुराव्यात धरू नये.

या वासाचे कुलशील शास्त्राला ठाऊक आहे. नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी असलेले क्लोरीन आणि बियरच्या घडणीत स्वभावतःच येणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये यांच्या संयोगातून क्लोरोफिनॉल जन्माला येते, आणि ते अत्यल्प प्रमाणातही नाकाला सापडल्यावाचून राहत नाही. यावर तोडगा म्हणून कॅम्पडेन नावाची गोळी दुकानात मिळते. एक गोळी वीस गॅलन पाण्याला पुरते. म्हणजे आपल्या पाच गॅलनांना पाव गोळी पुरली असती. त्या पाव गोळीची काटकसर आपण केली, आणि तिची भरपाई आमच्याकडून करून घेण्याचे ठरवले!

आपल्या तजविजीतील पहिले कलम तहकुबीचे आहे: ‘चार-सहा महिने ठेवू, मुरली की सुधारेल.’ कालावर एवढी श्रद्धा पाहून आमचे डोळे पाणावले, तथापि कालाचेही काही नियम आहेत. बियर कोवळी असली, तिला हिरव्या सफरचंदाचा वा लोण्याचा वास येत असला, तर आतले जिवंत यीस्ट ती द्रव्ये कालांतराने स्वतःच गिळून टाकते; हॉप्सचा बोचरा कडूपणाही मुरल्याने मवाळ होतो. अशा आरोपीस मुदत देणे न्यायाचेच आहे. पण क्लोरोफिनॉल यीस्टला पचत नाही, आणि हवा लागून ओल्या पुठ्ठ्यासारखी झालेली बियर तर दिवसेंदिवस अधिकच पुठ्ठा होत जाते. तिसरा प्रकार परक्या जंतूंचा. १८७० च्या युद्धात जर्मनांकडून झालेल्या पराभवाचा सल मनात बाळगून, निदान बियरच्या बाबतीत तरी फ्रान्स मागे राहू नये म्हणून लुई पाश्चर यांनी जो अभ्यास केला आणि १८७६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यात बियरचे रोग हे परक्या सूक्ष्मजीवांचे कृत्य असल्याचे त्यांनी दाखवून दिले. अशा रोगी बाटलीला मुदत दिली तर आतले उपरे जीव उरलीसुरली साखर खात राहतात, दाब वाढत जातो, आणि एके रात्री बाटलीच स्फोटाने आपला निकाल जाहीर करते. तात्पर्य, बाल्य हे कालाने सरते, व्यंग सरत नाही. आणि आपली बियर वयाने लहान नसून जातीची बिघडलेली आहे.

दुसरे कलम मिश्रणाचे. बिघडलेली पाच गॅलन चांगल्या पाच गॅलनांत मिसळल्याने दहा गॅलन बिघडलेली बियर तयार होते, या अंकगणितावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. तिसरे कलम सिरक्याचे. हवा खेळती ठेवली तर जंतू मद्याचे आम्ल करतात हे खरे, आणि हॉप्स बेताचे असलेल्या निर्दोष बियरपासून उत्तम सिरका होतो हेही खरे. परंतु दवाखान्याचा वास आम्लात विरघळून जात नाही, आणि तसा तो गेला असता तरी जवळजवळ एकोणीस लिटर सिरका संपवण्यास कोणत्या कुटुंबाने किती पिढ्या कोशिंबिरी खाव्यात, याचा हिशेब आपण जोडलेला नाही. चौथे कलम पाकसिद्धीचे. भज्यांच्या पिठात हलकी बियर घातल्यास भजी कुरकुरीत होतात, हा अनुभव सर्वमान्य आहे. मात्र रस्सा आटवण्यास बियर वापरली की पाणी उडते आणि कडूपणा पातेल्यात जमा होतो, हे वहिनीसाहेबांनी ते पातेले घासताना आपणांस सुनावलेच आहे.

पाचवे कलम गोगलगायींचे, आणि आपल्या सर्व योजनांत प्रामाणिक असे हे एकच. बागेत जमिनीच्या पातळीला वाटी पुरून तीत थोडी बियर ओतली असता बिनशंखाच्या गोगलगायी आंबलेल्या वासाने रात्री येतात आणि तीत बुडून मरतात. हा वर्ग चवीविषयी मुळीच चोखंदळ नाही, स्तुतीची सक्ती त्याच्यावर करावी लागत नाही, आणि अभिप्रायही तो निःसंदिग्ध देतो. दोष एवढाच की दोनतीन चमचे जेथे पुरतात तेथे पन्नास बाटल्या संपवण्याइतक्या गोगलगायी आपल्या परगण्यात नाहीत.

यास्तव आपले सारे प्रेम सहाव्या कलमाकडे, म्हणजे बाटल्यांना रंगीत फिती बांधून स्नेह्यांस भेट देण्याकडे वळले आहे. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी आमची गत होते. ‘यात अपायकारक काही नाही’ हे आपले समर्थनही आम्ही ऐकले. मद्यार्क, हॉप्स आणि आम्लता यांच्या योगाने माणसाला बाधणारे जंतू बियरमध्ये सहसा तग धरत नाहीत, हे मान्य. पण अपाय न होणे हा औषधाचाही किमान गुण आहे, पाहुणचाराचा कमाल गुण तो कसा ठरावा? आंबूस झालेले दही आपल्या मातोश्रींनी कढीला लावले, झाडाच्या मुळाशी ओतले, पण श्रीखंड म्हणून ते पाहुण्याच्या पानात कधी वाढले नाही. जुन्या इंग्लंडात गावोगाव बियर चाखून तिची प्रत ठरवणारा कामगार नेमलेला असे. शेक्सपिअरचे वडील जॉन यांच्याकडे १५५६ साली स्ट्रॅटफर्डमध्ये हेच काम होते. त्या कामगारास अधिकार होता आणि वाईट बियर करणाऱ्यास दंड होत असे. आम्हांकडे तेच काम विनावेतन, विनाअधिकार चालत आले आहे, आणि दंडही आम्हीच भरतो.

ओतून टाकण्यास आपला हात धजत नाही याचे कारण आम्हांस समजते. एक अख्खा रविवार कढईपाशी गेला, माल्ट आणि हॉप्स यांना पैसे पडले, आठवडेच्या आठवडे फर्मेंटरमधील बुडबुडे कान लावून ऐकले गेले. तो सारा खटाटोप मोरीत जाताना पाहणे कठीण खरे. पण ते श्रम आणि ते पैसे खर्च झालेच आहेत. बियर प्याल्याने ते परत येत नाहीत, आणि आम्हांस पाजल्याने तर मुळीच येत नाहीत. उलट आपल्या दप्तरातील एक बाब आपल्या नजरेतून सुटलेली दिसते: बाटल्या. तपकिरी काचेच्या, उन्हाची तिरीप आत न घेणाऱ्या, लेबले खरवडून आणि घासून जमवलेल्या त्या पन्नास बाटल्या हा आपल्या कारखान्यातील खरा ऐवज असून, तो आज एका नादार कुळाकडे अडकून पडला आहे. कूळ बेदखल केल्यावाचून पुढची खेप भरायची कशात?

सबब सर्व साक्षीपुरावा पाहून खालीलप्रमाणे निकाल द्यावा, अशी अर्जदारांची प्रार्थना आहे. दोन बाटल्या पुढे तोच दोष ओळखता यावा म्हणून दप्तरी ठेवाव्यात, एक गोगलगायींस खर्ची घालावी, आणि बाकीच्या आजच मोरीत रिकाम्या करून लागलीच विसळाव्यात, कारण तळाचा गाळ वाळला की तो निघता निघत नाही. पुढील खेपेच्या पाण्यात पाव गोळी टाकावी. ती बियर आधी आपण एकट्याने चाखावी, आणि दुसरा पेला आपखुशीने भरून घ्यावासा वाटला तरच आम्हांस बोलावणे धाडावे. तोवर आम्हांस चहा चालेल.

कळावे, लोभ असावा ही विनंति.

आपले,
समस्त शेजारी