घरमालकसाहेब, भिंतीला बारमाही पाणी दिल्याबद्दल आभार

श्रीमान घरमालकसाहेब यांच्या सेवेशी,



ज्या जालन्यात नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही, तिथे आमच्या निजायच्या खोलीच्या भिंतीला आपण बारमाही पाणी मिळवून दिलेत. एवढा दानशूर मालक कुंडलिकेच्या या काठालाही नसेल आणि त्या काठालाही.

स्लॅबवरची टाकी बुडाशी गळते. ते पाणी भेगेतून उतरते आणि भिंतीत मुरते. आधी रंग फुगला, मग पोपडे पडले, मग कोपऱ्यात काळे ठिपके उमटले. आता कपाट सरकवले की मागच्या फळीवर राखाडी लव दिसते. आतल्या घडीच्या स्वेटरला असा कुबट वास लागला आहे की दोनदा धुऊनही जात नाही. साऱ्या देशाला सळया पुरवणाऱ्या गावात आपल्या स्लॅबची सळई गंजून उघडी पडली आहे, हेही दर्शन आपल्याच कृपेने घडले.

तक्रार केली तेव्हा आपण तातडीने सल्ला दिलात, ‘‘एक हात रंग मारून घ्या.’’ सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, हे आपले मोठे मन. रंगाचे आम्ही दिले. दसऱ्याला भिंत पांढरीशुभ्र होती, संक्रांतीला ठिपके त्या रंगाच्या वर आले. येणारच. धूळ, लाकूड, कागद, रंगातला चिकटा, बुरशीचे कशावरही भागते. तिचे अडते फक्त ओलीवाचून, आणि ती सोय आपण वरून करून ठेवली आहे.

आमच्या प्रकृतीकडेही आपले बारीक लक्ष. आईला जुना दमा आहे. श्रावणात ती रात्र रात्र उशाला टेकून बसून काढते, पंप हाताशी ठेवून. लेक सकाळी उठल्या उठल्या शिंकायला लागते. शाळेत बरी असते, घरी आली की पुन्हा नाक चोंदते, खोकला सुरू. औषध बदलून पाहिले, डॉक्टर बदलून पाहिले. खोली कशी बदलणार? बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात. घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा, ॲलर्जी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 सालीच लिहून ठेवले आहे.

‘‘ही काही ती काळी बुरशी नव्हे,’’ असा धीरही आपण दिलात. खरे आहे. 2021 च्या कोरोना लाटेत ज्या म्युकरमायकोसिसने माणसांचे डोळे आणि जबडे नेले, तो आजार वेगळा. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो नव्हे. शेजाऱ्यांनाही मी हेच सांगतो, उगाच घबराट नको. पण डोळा शाबूत आहे म्हणून छातीतली घरघर गोड मानून घ्यायची का?

आपल्या सल्ल्याची कीर्ती विलायतेतही आहे बरं का. इंग्लंडच्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे जडलेल्या श्वसनविकाराने तो दगावला, असा निष्कर्ष नोव्हेंबर 2022 मध्ये अधिकृत चौकशीत निघाला. त्याच्या बापाने तक्रार केली होती. उत्तर मिळाले होते, रंग मारून घ्या. त्या लेकराच्या नावाने आता तिथे कायदा आहे. साहेब, ही बातमी वाचली त्या रात्री मी लेकीचे अंथरूण उचलून स्वयंपाकघरात नेले. अजून ती तिथेच झोपते.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 14. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. आम्ही वडिलांच्या काळापासूनचे पावतीवाले भाडेकरू, उलट करार काहीच नाही.

तेव्हा टाकीची गळती काढावी, स्लॅबची भेग भरून वॉटरप्रूफिंग करावे, कुजका गिलावा खरवडून नवा करावा, भिंत पुरती सुकू द्यावी. रंग सगळ्यात शेवटी.

हेच पत्र नोटीस समजावे. याची एक प्रत आजच टपालाने आपल्याकडे रवाना केली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खालच्या मजल्यावरचा भाडेकरू