नळी घाल!

ओम्नीवाले काका साताऱ्याच्या प्रत्येक पेठेत एक तरी असावेत. आमच्या पेठेतल्यांची गाडी 1997 ची. मारुतीनं ही व्हॅन 1984 साली आणली, ओम्नी हे नाव तिला 1988 मध्ये मिळालं आणि 2019 साली ती बनवणंच थांबलं. या शेवटच्या घटनेबद्दल काका एवढंच म्हणतात, ‘‘कंपनीला झेपलं नाही.’’ मुलानं पुण्याहून नवी गाडी आणून दारात लावली आहे. ती चिंचेखाली कावळ्यांच्या हवाली असते, ताडपत्री ओम्नीवर.

सहा महिन्यांनी एकदा या घरात पीयूसी येते. मुलाच्या गाडीला प्रमाणपत्र वर्षाचं मिळतं, जुन्या गाड्यांना सहाच महिन्यांचं. यात अन्याय झाला असं काकांना मुळीच वाटत नाही. उलट मुलाच्या गाडीची त्यांना कीव येते. ‘‘तिला वर्षातून एकदाच विचारतात,’’ ते म्हणतात.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. एअर फिल्टर झटकायचा, ऑइल बदलायचं, प्लग काढून पॉलिशपेपरनं घासायचे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे प्लग बघायचे तर आधी माणसं उठवायची आणि मग सीट. काकू हल्ली मागेच बसतात.

यानंतर मिस्त्रीचं पर्व. कार्बोरेटरला मिक्श्चरचा एक स्क्रू असतो. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून पीयूसीच्या आधी स्क्रू आवळून पेट्रोल कमी करायचं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजला पाठ आहे. पण फार आवळला तर ठिणगी पडूनही पेट नीट घेत नाही, कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरातून बाहेर पडतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा डोकं वर काढतो. एकाला दाबलं की दुसरा उठतो. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, यावर काका आणि मिस्त्री यांच्यात जे चालतं ते ऐकायला शेजारच्या सलूनमधली गिऱ्हाइकं अर्धी दाढी सोडून येतात.

आता खरी गंमत सांगतो. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला नियमानं मोनॉक्साइडची मुभा आहे 3 टक्के. बीएस-2 आणि बीएस-3 गाड्यांना अर्धा टक्का आणि मुलाच्या गाडीला 0.3. म्हणजे काकांची ओम्नी झोपेतसुद्धा पास व्हावी. पण ही सवलत काकांना अपमानासारखी लागते. ‘‘म्हातारी आहे म्हणून बसायला खुर्ची दिल्यासारखं झालं हे!’’ त्यांना अर्ध्या टक्क्याच्या आत यायचं आहे. कायदा त्यांच्याकडून जे मागतच नाही, ते त्याच्या पदरात टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

थंड इंजिन जास्त घाण ओकतं, म्हणून परीक्षेच्या दिवशी गाडी आधी तापवायची. त्यासाठी काका सकाळीच यवतेश्वराचा घाट चढून उतरतात. तापमानाच्या काट्याकडे ते पाहतही नाहीत. इंजिन तापलं की नाही हे ओम्नीत बुडाला कळतं. ‘‘झालं गरम,’’ असं ते जागच्या जागी सरकत म्हणाले की समजायचं, गाडी तयार. मग वाटेत कुठे थांबायचं नाही, कुणाला लिफ्ट द्यायची नाही, ओळखीचं दिसलं तर मान फिरवायची.

काकूंचं यावरचं भाष्य मार्मिक आहे. ‘‘डॉक्टरांनी शुगर तपासायला सांगून दिवाळी उलटली. ते राहिलं. हिच्या धुराचा रिपोर्ट मात्र वेळेवर.’’

केंद्रावरचा पोरगा काकांना बघून उसासा टाकतो. रांग मोठी असते, ऊन चढलेलं असतं. ‘‘काका, ऱ्हाऊ द्या की. नंबरप्लेटचा फोटो मारतो, पावती घिऊन जावा.’’

‘‘नळी घाल.’’

‘‘पास करतो म्हणलं ना?’’

‘‘पास तू कोण करणार? मशीन करेल. नळी घाल, आणि आत घाल, नुसती टेकवू नको!’’ नळी अर्धवट बाहेर राहिली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटाच कमी दिसतो, हे काका जाणून आहेत. कमी आकडा हवा, पण खोटा नको. असली गिऱ्हाइकं या धंद्यात दुर्मीळ असावीत, नाहीतर धंदा केव्हाच बसला असता.

आकडा आला 0.48. काकांनी रांगेतल्या प्रत्येकाला तो सांगितला, ज्यांनी विचारला नव्हता त्यांना दोनदा. मग कोपऱ्यावर गाडी उभी करून, सीट उचलून, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मिक्श्चर पुन्हा पूर्वीसारखं केलं. कारण परीक्षेपुरतं आवळलेलं इंजिन घाटात गुदमरतं. पेट्रोल गाडीची ही परीक्षा गाडी जागेवर उभी असताना घेतात. चढावर, चार माणसं आणि तांदळाचं पोतं घेऊन ती काय सोडते, हे त्या नळीला कुणी विचारत नाही. काकांच्या सचोटीतली ही फट मी त्यांना एकदा दाखवली. ते म्हणाले, ‘‘प्रश्नपत्रिका मी काढली का?’’

दिल्लीचा विषय मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. तिथे हरित लवादानं 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातल्याचं वाचल्यापासून काकांनी उत्तरेची यात्रा रद्द केली आहे. इथे दर पाच वर्षांनी पासिंग करून, पर्यावरण कर भरून गाडी ठेवता येते, आणि काका तो कर असा भरतात की कारकुनाला वाटावं हे देणगी द्यायला आलेत.

परवा नाक्यावर हवालदारानं त्यांना अडवलं. पीयूसी नसेल तर दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून बाकीच्यांचे चेहरे उतरतात. काकांचा उजळला. त्यांनी सगळी फाइल पुढे केली, 0.48 वर सगळ्यात वर. हवालदारानं मुदतीची तारीख बघितली आणि फाइल परत दिली.

‘‘अहो, तारीख काय बघताय? सीओ बघा, सीओ! पन्नासच्या आत आहे!’’

‘‘बघितलं. काढा गाडी.’’

‘‘नाही, तुम्ही तारीख बघितली.’’

‘‘काका,’’ हवालदार हात जोडून म्हणाला, ‘‘मागं एसटी खोळंबलीय.’’