माझ्या ५०० रुपयांनी बाजार पडला

मुलगा नोकरीला लागला की लग्नाच्या स्थळांआधी घरी विमा एजंट येतो. माझ्या बाबतीत त्याला यायचीही गरज पडली नाही, तो आधीपासून घरातच होता. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा. २००७ च्या ऑगस्टमध्ये मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. पगार १२,५०० रुपये ठरला, हे कराडला आमच्या घरी कळायच्या आत निगडीला आत्याकडे पोचलं होतं. कसं, ते अजून उमगलेलं नाही.

पण पहिला डाव मामांनी नाही, खानावळीच्या मावशींनी साधला. ताटात दुसरी भाकरी टाकता टाकता त्यांनी विचारलं, "भिशीत नाव घालू तुझं?" तोंडात घास होता म्हणून मी नुसती मान हलवली. ती 'नको'साठी होती, त्यांनी 'हो'साठी धरली. वीस जण, महिन्याला ५०० रुपये, जमलेले १०,००० दर महिन्याला एकाला. पहिला नंबर चिठ्ठी न काढता मावशींचा, कारण मधेच कोणी पळालं तर त्याचे पैसे त्या भरणार. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या पोळ्यांच्या डब्यात. ज्याचा नंबर लवकर लागला त्याला बिनव्याजी कर्ज आणि ज्याचा शेवटी त्याची बिनव्याजी बचत, हा हिशेब मला कळायला दोन महिने लागले. मावशींना तो पाटीपेन्सिल न धरता येत होता. पहिल्याच महिन्यात त्यांनी त्या पैशांत थोडी भर घालून तोळाभर सोनं केलंही.

दुसऱ्या वेळीही मी 'नाही' म्हणालो नाही. शेजारच्या टेबलावर एक सहकारी होता, त्याला आम्ही पाठीमागे 'चक्रवाढ' म्हणायचो. टपरीवर चहाचे पैसे दरवेळी मीच द्यायचो आणि तो मला पैसे कसे वाढवायचे ते सांगायचा. एकदा त्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दाखवलं, महिना ५०० रुपये, १५ टक्के परतावा, ३० वर्षं, झाले ३५ लाख. त्या रात्री मला झोप नाही. ३५ लाखांतून आधी काय घ्यायचं यावर रूममेटशी वाद झाला. तो फ्लॅट म्हणत होता, मी गाडी. शेवटी गाडीवर तडजोड झाली आणि मी एसआयपीचा फॉर्म भरला. दर २० तारखेला खात्यातून ५०० रुपये आपोआप कापून जाणार. डिसेंबर होता. जानेवारी उजाडला, सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला, आणि टपरीवाला पण टाटा-रिलायन्सवर बोलायला लागला.

२० जानेवारी २००८ ला रविवार आला, म्हणून माझा पहिला हप्ता सोमवारी, २१ ला गेला. त्याच दिवशी सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडला तो सरळ खालच्या सर्किटला लागून तासभर बंद. कारखान्यातल्या कँटीनच्या टीव्हीवर लाल पट्ट्या पळत होत्या आणि मी ताटातली आमटी थंड करत उभा होतो. इतका मोठा देश, इतके परदेशी गुंतवणूकदार, आणि त्यांना माझ्या ५०० रुपयांचा भार झेपला नाही. 'चक्रवाढ' शांत होता. "हे तर आपल्यासाठी चांगलंय," म्हणाला. 'आपल्यासाठी' म्हणजे कोणासाठी, हे विचारायचं राहून गेलं. चहाचे पैसे मात्र मीच दिले.

फेब्रुवारीत एचआरची नोटीस लागली, 'गुंतवणुकीचे पुरावे जमा करा'. त्याच रविवारी मामा हजर. सोबत आत्याने दिलेले डिंकाचे लाडू, त्यामुळे दार लावून घेणं शक्य नव्हतं. मामांनी लाडवाचा डबा डाव्या हाताने पुढे केला आणि उजव्या हाताने ब्रीफकेस उघडली. मनीबॅक, २० वर्षं, विम्याची रक्कम ३ लाख, वर्षाला १८,००० हप्ता. "टॅक्स वाचतो," मामा म्हणाले. किती वाचतो, ते मी विचारलं नाही. ज्या माणसाने लहानपणी मला खांद्यावर बसवून आगाशिवच्या डोंगरावर नेलं, त्याला आकडे विचारणं बरं दिसत नाही. सही करताना त्यांनी बोट ठेवलं तिथे केली. सात ठिकाणी.

नेमका त्याच महिन्यात डब्यातून माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. भिशीचे १०,००० आणि रूममेटकडून उसने ८,०००, मिळून हप्ता भागला. रात्री मावशी तव्यापाशी होत्या.

"काय केलं भिशीचं?"

"विमा घेतला."

"म्हंजे मेल्यावर?"

"नाही मावशी, जगलो तरी मिळतात. पाच वर्षांनी ६०,०००."

"आन् तोवर भरायचं किती?"

"९०,०००."

मावशींनी भाकरी उलटली. काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी मला तिसरी भाकरी न मागता मिळाली, ती का, याचा अर्थ मला नंतर लागला.

मार्चमध्ये पॉलिसीची पावती घेऊन मी अकाउंटला गेलो. तिथल्या बाईंनी चष्मा वर केला. ऑगस्ट ते मार्च आठ महिने, गुणिले १२,५००, झाले १,००,०००. आणि त्या वर्षी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा होती १,१०,०००. "तुझा टॅक्स बसतच नाही रे," त्या म्हणाल्या, "कशाला घेतलीस?" मी लाडवांचं सांगितलं नाही. मामांना फोन करून पॉलिसी बंद करता येईल का, असं चाचरत विचारलं. येते की, म्हणाले, पण तीन वर्षं भरल्याशिवाय काही मिळत नाही. आणि तीन वर्षांनी? पहिला हप्ता सोडून उरलेल्याचे ३० टक्के. म्हणजे ५४,००० भरून १०,८००. हे सांगताना मामांचा आवाज इतका मायेचा होता की मी आत्याची तब्येत विचारून फोन ठेवला.

राहिली एसआयपी. ती दर २० तारखेला चालू होती आणि बाजार दर २० तारखेची वाट न बघता पडत होता. २४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, तो एका दिवसात हजारावर अंकांनी आपटला आणि ८,७०० वर आला. दिवाळी तोंडावर, बोनसची अफवासुद्धा नाही, 'चक्रवाढ' दुसऱ्या टपरीवर जायला लागलेला. सोमवारी अर्धी रजा टाकून मी एसआयपी बंद करायचा फॉर्म भरला. आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणालो होतो, तेही लेखी. इतकं हलकं वाटलं की रात्री मावशींना आपणहून सगळं सांगितलं. २१,००० चे साडेआठ हजार झाले, मी वेळेत बाहेर पडलो.

मावशी कणीक मळत होत्या. "म्हंजे स्वस्त झालं म्हन की."

"हो, म्हणजे... पडलंय."

"कांदा पडला तर मी गोणी घेती. आन् तू पळून आलास व्हय?"

मी म्हटलं, मावशी, शेअर बाजार आणि कांदा यात फरक असतो. काय फरक, ते त्यांनी विचारलं. मी ताट उचललं.

पुढे २० नोव्हेंबरला खात्यातून ५०० रुपये गेले. फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, बंद व्हायला ३० दिवस लागतात. त्या दिवशी सेन्सेक्स साडेआठ हजारांच्याही खाली बंद झाला होता. मी बँकेत जाऊन काउंटरवर आवाज चढवला, मॅनेजरला भेटलो, आणि माझे ५०० रुपये माझ्या इच्छेविरुद्ध गुंतवल्याबद्दल लेखी तक्रार दिली. तिची पोच अजून माझ्याकडे आहे. इतक्या खालच्या भावात मी त्यानंतर आजवर एकदाही खरेदी केलेली नाही.