मनवेलपाडा ते मस्टर स्टेशन

मनवेलपाड्याला समुद्र नाही. तलाव आहे, टँकर आहेत, आणि जुलैत रस्त्यावर जे काही साचतं त्याला समुद्र म्हणायची पद्धत आहे. खरा समुद्र विरार पश्चिमेला, अर्नाळ्याकडे; आम्ही पूर्वेची माणसं तिकडे पाहुणे आले की जातो. अशा या कोरड्या बंदरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मी स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवतो. गिरणी सुरू असली की मुलं धडाधड इंग्रजी बोलतात, कारण कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. गिरणी थांबली की वर्गात सुतक पडतं.

आणि मला क्रूझवर इंग्रजीचा मास्तर व्हायचं होतं.

कल्पना वाटते तितकी येडपट नाही. मोठ्या क्रूझ जहाजावर पन्नास-साठ देशांची माणसं राबत असतात. फिलिपिनो, इंडोनेशियन, पेरूचे, युक्रेनचे, गोव्याचे आणि हल्ली नालासोपाऱ्याचेही. या सगळ्यांचं एकमेकांशी आणि प्रवाशांशी जमवायचं तर इंग्रजीला पर्याय नाही. म्हणून काही कंपन्या कर्मचाऱ्यांना शिकवायला जहाजावर मास्तर ठेवतात. जपानची पीस बोट ही संस्था तर १९८३पासून जहाजं फिरवते आहे. तिच्या जगप्रदक्षिणेत प्रवाशांनाच इंग्रजी आणि स्पॅनिश शिकवणारे स्वयंसेवक असतात. राहणं-जेवण संस्थेचं, पगार नाही. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, बिनपगारी शिकवायला जपान्यांपर्यंत कशाला जाता? इथे काय वेगळं चाललंय?"

निम्म्या बॅचची फी थकलेली होती. मी पान उलटलं.

माझा समुद्राचा अनुभव विचाराल, तर मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो बोट जाते, ती. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, वैतरणेच्या खाडीतून पंधरा मिनिटं. त्यातला बराच वेळ मी कठडा धरून होतो आणि उरलेला वेळ कुणाची तरी मोटरसायकल. मालक सज्जन होता, काही बोलला नाही; फक्त जलसारला उतरल्यावर आरसा सरळ केला.

आता नोकरी शोधायची होती. गोव्याच्या तारवट्यांनी, म्हणजे खलाशांनी, मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावाचे कूड काढले. जहाज मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवायची, जेवायचं, संध्याकाळी प्रार्थना म्हणायची, ओळखीपाळखीतून बोट गाठायची. विरारकराचा कूड म्हणजे लोकलचा डबा, आणि ओळखपाळख म्हणजे त्या डब्यात चिकटवलेलं चिठोरं: 'क्रूझवर नोकरी. अनुभव नको. इंग्रजी नको.' यातलं शेवटचं वाक्य मला वैयक्तिक लागलं. म्हणून गेलो. एका गाळ्यात पंखा, टेबल, भिंतीवर पांढऱ्याशुभ्र जहाजाचं पोस्टर आणि पोस्टरखाली एक तरुण. त्याने साठ हजार 'प्रोसेसिंग'चे सांगितले. मी आरपीएसएल नंबर मागितला.

"नंबर ऑफिसात आहे, सर."

"हे ऑफिसच आहे ना?"

"ही ब्रँच आहे."

इथे मला विनोद सुचत नाही. खलाशी भरती करायला डीजी शिपिंगचा परवाना लागतो, त्यालाच आरपीएसएल म्हणतात. आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. ते जहाज कंपनीने द्यायचे असतात. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६चा, भारताने तो २०१५मध्ये मान्य केला. माझ्या वर्गात आईचं मंगळसूत्र गहाण टाकून अशा ब्रँचमध्ये पैसे भरलेली पोरं येतात. पावतीवर 'कन्सल्टन्सी' लिहिलेलं असतं आणि फोन लागत नसतो. त्यांना मी काय भूतकाळ शिकवणार?

पुढे एक परवानाधारक कंपनी सापडली. तिथल्या बाईंनी पैसे मागितले नाहीत, कागद मागितले. मास्तर असा की वेटर, जहाजाच्या पटावर नाव लागायचं तर आधी खलाशी व्हा. इंडोस नंबर, म्हणजे खलाशी म्हणून नोंदणीचा क्रमांक, काढा, मेडिकल करा, सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, काढा, आणि सीडीसीआधी बेसिक कोर्स करा. पीएसटी म्हणजे पाण्यात जीव वाचवणं, एफपीएफएफ म्हणजे आग विझवणं, ईएफए म्हणजे प्रथमोपचार, पीएसएसआर म्हणजे जहाजावर माणसासारखं वागणं. शिवाय सुरक्षेचा एसटीएसडीएसडी. त्याचं नाव न अडखळता म्हणता आलं की निम्मा कोर्स झाला असं मुलं धरतात.

कोर्सची संस्था पनवेलच्या बाजूला होती. मनवेलपाड्याहून शेअर रिक्षा, विरारहून वसई रोड, आणि वसई रोडहून दिव्यामार्गे पनवेलला जाणारी मेमू. ही गाडी चुकली की माणूस पुढच्या गाडीची वाट बघत नाही, घरी जाऊन झोपतो. जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड. डावीकडे तुंगारेश्वरचे डोंगर फार सुंदर दिसतात म्हणे; माझ्या डावीकडे एका गृहस्थाचा शेवग्याच्या शेंगांचा भारा होता. भिवंडीनंतर गोदामं लागली, त्यानंतर झोप लागली.

पहिले तास वर्गातले. शिकवणारे गृहस्थ निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आवाज असा की माझी गिरणी बंद पडावी. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे आणीबाणी, लाइफ जॅकेट घालून मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, हजर. हे त्यांनी तोंडाने वाजवून दाखवलं. मग कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघाताची गोष्ट काढली. १३ जानेवारी २०१२, इटलीचं जिल्यो बेट, ३२ माणसं गेली. सुकाणूवर इंडोनेशियन खलाशी, कप्तान इटालियन, हुकूम इंग्रजीत. ऐन वेळी सुकाणू डाव्याऐवजी उजवीकडे फिरलं आणि ते सावरण्यात सेकंद गेले. तेवढ्याने जहाज वाचलं असतं असं जाणकार म्हणत नाहीत, पण गोष्ट खरी आहे. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा मस्टरचा सराव अजून व्हायचाच होता. तेव्हा चोवीस तासांची सवलत असे. २०१५पासून सराव जहाज हलण्याआधी किंवा हलताच लगेच.

त्या ३२ जणांत आपल्या वसई भागातला एक वेटर होता. लोकांना होडीत चढायला मदत करत होता, असं वाचलेल्यांनी सांगितलं. बाकी सगळे सापडले, तो मात्र नोव्हेंबर २०१४मध्ये, जहाज बंदरात ओढून आणल्यावर, सगळ्यांत शेवटी. बोसन हे सांगताना हळू बोलले. मागच्या बाकावरच्या वसईच्या दोन पोरांनी मोबाइल खिशात घातले. मीही वहीत काही लिहिलं नाही.

मग तलाव.

एवढं पाणी मी मनवेलपाडा सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. खरं तर मनवेलपाड्यातही पाहिलं नव्हतं. निळं, काठोकाठ, आणि कुणी बादली घेऊन उभं नाही. आमच्या सोसायटीत टँकर आला की जिन्यावर जी धावपळ होते ती आठवून मला त्या पाण्याचा रागच आला. तेवढ्यात नारिंगी जॅकेट माझ्या गळ्यात पडलं. त्याचे पट्टे माझ्या पोटाच्या अलीकडेच संपले. ते ओढून बांधायला एक पोरगा पुढे आला आणि म्हणाला, "सर, ओळखलं का?"

ओळखलं. गिरणीवरच्या खोलीत दोन वर्षं खिडकीजवळ बसायचा. दहावीला इंग्रजीत ३६. जहाजावर युटिलिटी म्हणून चालला होता, म्हणजे किचनमधली भांडी आणि फरशी. त्याने माझे पट्टे असे आवळले की त्या ३६ गुणांचा हिशेब चुकता झाला.

उडी तीनेक मीटरवरून. एका हाताने नाक धरायचं, दुसरा हात छातीवरून जॅकेटवर दाबायचा, समोर बघायचं, एक पाऊल टाकायचं आणि पाय जुळवायचे. खाली बघायचं नाही. मी समोर बघितलं. समोर बोर्ड होता आणि त्यावर लाइफबॉयच्या स्पेलिंगमधला यू सुटला होता. मी नाक धरूनच ते बोसनना सांगितलं. खालून आवाज आला, "स्टेप!" मी म्हणालो, स्पेलिंग आधी सुधारलेलं बरं, मुलं तेच वाचतात. खालून पुन्हा, "स्टेप!" मी आणखी एक उदाहरण द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाचा तरी संयम संपला. तो कोण हे मला आजवर कळलेलं नाही. ३६ गुणवाला खाली पाण्यात होता, एवढं मात्र मी पाहून घेतलं होतं.

जॅकेट माणसाला आपोआप उताणं करतं. हे फार चांगलं जॅकेट आहे. मी उताणा झालो, छताचे पत्रे दिसले, आणि आपण जिवंत आहोत असं वाटेपर्यंत बोसन म्हणाले, आता राफ्ट.

राफ्ट म्हणजे फुगवलेला गोल तराफा, वर तंबू. समुद्रात तो उलटा पडू शकतो, म्हणून सरळ करायला शिकवतात. गॅसचं नळकांडं ज्या बाजूला असेल तिथे उभं राहायचं, पट्टा धरायचा आणि मागे रेलायचं. तराफा सरळ होतो आणि तो सरळ करणाऱ्याच्या अंगावर पडतो. हा या यंत्रणेचा दोष नाही, हीच यंत्रणा आहे. मग खालून उताण्याने हातांनी ढकलत बाहेर यायचं. बारीक पोरांना पट्ट्याला लोंबकळावं लागलं. माझ्या बाबतीत मी रेललो न रेललो तोच तराफ्याने निर्णय घेतला.

खाली अंधार होता. माणसाला शेवटच्या क्षणी आयुष्य दिसतं म्हणतात. मला थकलेल्या फीची यादी दिसली, आडनावांसकट. ओरडावं तर कुठल्या भाषेत हा प्रश्नच आला नाही, "आई गं" आपसूक निघालं आणि पाणी आत गेलं. तेवढ्यात बाजूने एक डोकं घुसलं. "सर, बॅक! बॅक! लेग मारा!" आणि कॉलरला हात. क्रियापद नाही, कर्ता नाही, काळ नाही. मला अक्षर न् अक्षर कळलं.

तराफ्यात चढणं मी थोडक्यात सांगतो. दोघांनी खांद्याचे पट्टे धरले, एकदा खाली बुडवलं, उसळी घेतली तसं वर ओढलं, आणि मी आत असलेल्या सतनाच्या एका मुलावर आडवा झालो. तो "कोई बात नहीं, अंकल" म्हणाला, पण दबलेल्या आवाजात. काठावरून बोसन ओरडले, "राफ्टमध्ये इंग्लिश बोला! इंग्लिश!" आणि खरंच पोरं बोलू लागली. कोण जखमी, किती माणसं, शिट्टी कुठे, पाणी उपसा. मोडकंतोडकं, भोजपुरी वळणाचं, आगरी वळणाचं, पण फटाफट. गप्प एकटा मी होतो. मला उलटी येत होती.

संध्याकाळी कपडे बदलताना बोसननी मला एक पुस्तिका दाखवली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१मध्ये जहाजांसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यं मान्य केली, त्यांची. माझ्या वर्गातलं 'कुड यू काइंडली' त्यात कुठेच नाही. का नाही, तेही त्यांनी सांगितलं. एप्रिल १९९०मध्ये ऑस्लोहून निघालेल्या स्कॅन्डिनेव्हियन स्टार बोटीला आग लागली, १५९ माणसं गेली. कर्मचारी बहुतेक पोर्तुगीज, प्रवासी नॉर्वे-डेन्मार्कचे, एकाचं दुसऱ्याला कळेना. "मास्टरजी," ते म्हणाले, "आग लागली तर प्लीज कशाला पाहिजे?" मी उत्तर शोधत होतो तोवर परतीची मेमू निघून गेली.

सर्टिफिकेटं मिळाली. सीडीसी आलं, फोटोत मी पाण्यातून नुकताच काढल्यासारखा दिसतो. कंपनीच्या बाईंनी मग व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की जहाजावर वेटर शेकड्यांनी लागतात आणि मास्तर लागलाच तर एक. तो बहुधा कंपनी परस्पर परदेशातूनच घेते. वयाचंही आहेच. लाँड्रीत मात्र जागा आहे, इंटरेस्टेड? बायको पडद्याआडून म्हणाली, "विचारा, इस्त्री घरी शिकवून पाठवतो म्हणावं."

मी गेलो नाही. पण पिठाच्या गिरणीवर आता एक बॅच फक्त क्रूझच्या मुलाखतीला बसणाऱ्यांची आहे. आधी मी आरपीएसएल नंबर कसा तपासायचा ते शिकवतो, मग सात छोटे एक लांब, मग क्रियापदं. फी अजूनही थकते.

३६ गुणवाला सध्या भूमध्य समुद्रात आहे. परवा त्याचा मेसेज आला. त्याच्या केबिनमधला इंडोनेशियन पोरगा रोज रात्री शिफ्टनंतर त्याच्याकडे इंग्रजी शिकतो. आता आणखी चौघे यायला लागलेत, एक पेरूचा. बदल्यात ते याची एक दिवसाची भांडी करतात. पुढे लिहिलं होतं, "सर, एक डाउट. हॅज कुठे आणि हॅव कुठे? उद्या घ्यायचंय."

मी रात्री जागून नियम, अपवाद आणि उदाहरणांसह सविस्तर उत्तर लिहिलं. दोन निळ्या टिका आल्या. मग त्याचा मेसेज: "सर, शॉर्टमध्ये सांगा ना. इथे लोक दमलेले असतात."