उलट्या फिरकीची माणसं

मे महिन्यात मालवणात पंखा बंद करून बसणारा माणूस एक तर होमापुढे बसलेला भटजी असतो, नाहीतर टेबल टेनिस खेळणारा. चेंडूचं वजन अवघं 2.7 ग्रॅम. पंख्याची झुळूक लागली तरी तो भलतीकडे जातो, म्हणून पंखा बंद. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून खिडक्याही बंद. बाहेर सगळं गाव उघड्या पडवीत वारा घेत बसलेलं, आणि चार माणसं स्वतःला कोंडून घेऊन घामाघूम होतायत. याला व्यायाम म्हणतात.

पावसाळ्यात पंख्याची कटकट संपते, तर हवाच ओली होते. टॉपस्पिनवाल्याची सगळी करामत रबराच्या पकडीवर. दमट हवेत रबरावर बाष्प धरतं, चेंडू घसरतो, आणि मुंबईहून महागाचं रबर लावून आलेल्या पोराचा जोरदार फटका नेटात जाऊन बसतो. पोरगा बॅट हाफ पँटला पुसतो, चेंडू बनियनला पुसतो, छपराकडे बघतो. समोर टेबलापासून दोन-अडीच मीटर मागे आमचे मास्तर शांत उभे असतात. मास्तर निवृत्त, विज्ञानाचे. ते कट मारतात. आयुष्यात दुसरं काही मारताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही, निदान टेबलावर. वर्गातलं वेगळं.

मालवणात बचावाचा विषय निघाला की पाहुणे लगेच समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोट दाखवतात. 1664 साली बांधायला घेतलेला, पायात शिसं ओतलेला, दरवाजा असा वळणात लपवलेला की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसू नये. सगळं खरं. पण किल्ला आलेला चेंडू परत पाठवत नाही. परत पाठवण्याची कला बघायची तर किल्ल्यावर जायची गरज नाही, किल्ल्यावर कसं जायचं एवढंच कोणाला तरी विचारावं.

"काका, बंदरावर जायचा रस्ता कुठला?"

"बंदरावर? आता? कित्याक?"

"किल्ल्यावर जायचंय."

"मगे सकाळी खय होतस?"

"उशीर झाला उठायला. होडी मिळेल ना पण?"

"तुका पोवक येता?"

तीन सर्व्हिस झाल्या, तिन्ही परत आल्या, रस्ता अजून कळलेला नाही. उलट आपण उशिरा उठतो हे मात्र काकांना कळलं. काकांनी स्वतःहून एक वाक्य टाकलेलं नाही. तुम्ही जेवढा जोर लावलात तेवढाच तुमच्याकडे परत आला, फक्त उलटा फिरत.

लांब दाण्यांचं रबर नेमकं हेच करतं. साधं रबर चेंडूला धरतं आणि स्वतःची फिरकी देतं. लांब दाणे वाकतात, चेंडूला धरतच नाहीत. त्यामुळे त्याची फिरकी बरीचशी तशीच राहते, दिशा तेवढी बदलते. जाताना जो टॉपस्पिन होता, तो येताना बॅकस्पिन होऊन येतो. तुम्ही जितका जास्त फिरवाल तितका तो परत येताना जड. मग तुम्ही तो उचलायला जाता, कमी पडतो, नेट. चिडून आणखी जोरात फिरवता, आणखी जड. मुंबईच्या पोराचा असा तिसरा पॉइंट गेला की मास्तर खाली बघत म्हणतात, "मी काय केलंय? तुझोच होतो तो."

याला भित्रा खेळ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्याकडे संघ हरायला लागला की पेपरवाले 'बचावात्मक पवित्रा' लिहितात, जणू बचाव ही हरण्याच्या आधीची पायरी. मागे उभं राहून, गुडघ्यात वाकून, वरून खाली येणाऱ्या प्रत्येक चेंडूला शेवटच्या क्षणी खालून काप देणं, तेही तो नेटच्या जेमतेम वरून जाऊन परत टेबलावरच पडेल असं, याला हिंमत लागते. पॅरिसला 2003 मध्ये दक्षिण कोरियाचा जू से-ह्युक याच पद्धतीनं खेळत जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. मधूनच फोरहँडचा असा फटका काढायचा की समोरच्याला वाटावं, हा आतापर्यंत झोपेचं सोंग घेऊन होता. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये बुसानला आपल्या ऐहिका मुखर्जीनं जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, ते असंच चेंडूला न धरणाऱ्या अँटी-स्पिन रबराच्या जोरावर. ऐहिका बंगालातल्या नैहाटीची. मासे खाणारं गाव. मास्तरांना यात काहीच आश्चर्य वाटलं नाही.

अर्थात या पंथात अतिरेकी लोकही होऊन गेले. 1936 साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा अलॉइझी एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ फार्काश यांनी सामन्यातला पहिलाच पॉइंट दोन तासांहून जास्त वेळ खेळला. पहिला पॉइंट! मान इकडून तिकडे वळवून पंचाची मान धरली आणि दुसरा पंच बसवावा लागला असं सांगतात. त्यानंतर नेटची उंची कमी केली आणि वेळेची मर्यादा घातली. पुढच्या वर्षी बाडेनला महिलांच्या अंतिम सामन्यात अमेरिकेची रूथ आरन्स आणि ऑस्ट्रियाची ट्रूडी प्रित्झी वेळेत संपवू शकल्या नाहीत, तर विजेतेपद कोणालाच दिलं नाही. 2001 साली दोघींना संयुक्त विजेत्या ठरवलं. चौसष्ट वर्षं लागली. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला एवढा वेळ लागला तर कोणी वर मान करून बघत नाही.

लॉन टेनिसवाले या बाबतीत स्वतःला सभ्य समजतात, पण 1984 साली अमेरिकेत रिचमंडला व्हिकी नेल्सन आणि जीन हेपनर यांची एक रॅली 29 मिनिटं चालली. चेंडू 643 वेळा नेटवरून गेला. सामना दोनच सेटचा, वेळ साडेसहा तास. टेनिसमधला स्लाइस तसा आमच्या कटचाच थोरला भाऊ. फरक इतकाच की तिथे चेंडू टप्पा पडल्यावर खाली राहून सरपटतो आणि समोरच्याला वाकायला लावतो. मास्तरांना ही सगळी वंशावळ तोंडपाठ. तिरक्या रॅकेटनं मारलेला टेनिसचा चेंडू हवेत वळतो, हे न्यूटननं 1672 च्या प्रकाशावरच्या आपल्या पत्रात लिहिलंय हे ते दर पावसाळ्यात एकदा सांगतात, बहुधा हरत असताना.

कारण मास्तरही हरतात. बचाववाल्याला हरवायचं कसं ते 1952 मध्ये मुंबईतच जगाला कळलं होतं. आशियातली पहिली जागतिक स्पर्धा. त्यात जपानचा चष्मेवाला हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवर बॅटवर दाण्यांचं साधं रबर असायचं आणि प्रत्येक फटक्याचा टक्-टक् आवाज यायचा. त्या आवाजावरून फटका केवढा जोरात आला ते समोरच्याला कळायचं. सातोच्या बॅटचा आवाजच येईना. अमेरिकेचा मार्टी रीझमन त्याच्यापुढे गडबडला, अंतिम सामन्यात हंगेरीचा कोचियान पडला, आणि सातो जगज्जेता झाला. मुकाट्यानं. मालवणी माणसाला हरवायचा हाच एक उपाय आहे: काही विचारू नये, काही सांगू नये, नुसतं बघत राहावं. तो अस्वस्थ होतो. परत काय पाठवणार?

एकदा मुंबईच्या पोरानं असा मुकाट खेळ सुरू केला. तोही मागे, मास्तरही मागे. दोघंही कट मारतायत, कोणीच पुढे येईना, खिडक्या बंद, पंखा बंद. बाकावर बसलेल्यांपैकी एकजण चहाला गेला आणि पिऊन परत आला तरी गेम तोच. शेवटी पोरानं नियम काढला. गेम दहा मिनिटांत संपला नाही, तर पुढे सर्व्हिस करणाऱ्यानं ठरावीक फटक्यांत पॉइंट मिळवायचा. समोरच्यानं तेरा वेळा चेंडू परत केला की पॉइंट त्याचा.

मास्तरांनी बॅट टेबलावर ठेवली, चष्मा पुसला.

"म्हणजे सरळ तेरावाच घालतत? दहावा-बारावा कोणी करुचा?"